उभ्या जिल्ह्याचे आडवे आकडे

नकाशावर नंदुरबार शोधायला कष्ट पडत नाहीत. महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यात, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या मध्ये घुसलेले टोक दिसते ना, तेच. उत्तर अक्षांश साधारण २१ ते २२ आणि पूर्व रेखांश साधारण साडेत्र्याहत्तर ते साडेचौऱ्याहत्तर. म्हणजे एक अंश उंच आणि एक अंश रुंद चौकटीत अख्खा जिल्हा मावतो. या अक्षांशावर अशी चौकट उत्तर-दक्षिण १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०३ किलोमीटर भरते. तिच्यातला जवळपास निम्मा भाग, ५,९५५ चौरस किलोमीटर, नंदुरबारचा, बाकीचा शेजाऱ्यांचा. पृथ्वीच्या गोलावर अशा चौकटी ६४,८०० आहेत. त्यातल्या एकीच्या अर्ध्या भागाचा कारभार सांभाळायला काय काय लागते, ते पाहू.

राज्याच्या क्षेत्रफळात हा जिल्हा दोन टक्केही भरत नाही, म्हणून मुंबई-पुण्यात बसून तो चिमुकला वाटतो. आता शेजारी गोवा ठेवून पाहा. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे नंदुरबारात एक गोवा सहज मावून वर अर्ध्याहून अधिक गोवा बसतो. माणसांचेही तेच. २०११ च्या जनगणनेत गोव्यात १४,५८,५४५ लोक होते आणि नंदुरबारात १६,४८,२९५. गोव्याला राज्यपाल आहे, मुख्यमंत्री आहे, ४० आमदार आहेत, लोकसभेचे दोन खासदार आहेत. नंदुरबारला आमदार चार. खासदार एक, आणि तोही धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि शिरपूर या मतदारसंघांबरोबर वाटून घेतलेला. गोव्यात एका आमदारामागे साडेछत्तीस हजार माणसे येतात, नंदुरबारात चार लाख बारा हजार. गोव्याचा हेवा करायचे कारण नाही, पण मुख्यमंत्र्याच्या हाताखाली चालणारा पसारा इथे एका जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी पूर्वेला, बोर्निओ बेटावर ब्रुनेई नावाचा देश आहे. क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे नंदुरबारपेक्षा थोडा लहानच. त्याला सुलतान आहे, लष्कर आहे, स्वतःची विमान कंपनी आहे, संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची आहे. २०११ मध्ये तिथली लोकसंख्या ३ लाख ९३ हजारांच्या आसपास होती. त्याच वर्षी नंदुरबारच्या एकट्या शहादा तालुक्यात ४,०७,७२८ लोक मोजले गेले. शहाद्याला एक तहसीलदार आहे.

जिल्हा म्हणून नंदुरबारचा जन्म १ जुलै १९९८ चा. त्याआधी तो धुळ्यात होता, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशात. इंग्रजांचा तो जुना खानदेश १०,०४१ चौरस मैलांचा, म्हणजे सुमारे २६,००० चौरस किलोमीटरचा होता. आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार साधारणपणे त्याच्या पोटात. १९०१ साली त्या सगळ्या मुलखात १४,२७,३८२ माणसे राहत होती. आज तिसऱ्या तुकड्यातच त्याहून जास्त आहेत. इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना नंदुरबार गावी येऊन गेला आणि मराठ्यांचे लहानसे शहर म्हणून त्याने त्याची नोंद केली. त्याच्या काळी इथल्या माणसांची मोजदाद करायचे कुणाला सुचले नसणार. मोजण्याचा नाद नंतरचा.

त्या नादात नंदुरबारला मोठा मान आहे. मतदारसंघांना क्रमांक द्यायला वायव्येकडून सुरुवात करायची रीत असल्याने लोकसभेचा महाराष्ट्रातला मतदारसंघ क्रमांक १ नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक १ अक्कलकुवा, आणि त्यातले पहिले मतदान केंद्र नर्मदेच्या काठचे मणिबेली. राज्याच्या मतदारयादीचे पहिले पान सातपुड्यात उघडते. अक्कलकुवा मतदारसंघात अक्कलकुवा आणि अक्राणी असे दोन डोंगराळ तालुके येतात; मिळून ४,४१,६१५ लोक. तिथल्या काही गावांना मतदानयंत्र बोटीतून जाते. मग पाचेक वर्षे पहिल्या क्रमांकाचे कौतुक कुणाला राहत नाही.

आधार क्रमांकाचीही सुरुवात इथलीच. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. हा आकडा बारा अंकी असतो. पहिला अंक ० किंवा १ असत नाही, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून ठरतो, टंकनाची चूक पकडण्यासाठी. म्हणजे मोकळेपणाने वाटता येतील असे क्रमांक आठ हजार कोटी. आतापर्यंत १३० कोटींहून जास्त दिले गेले, तरी साठातला जेमतेम एक वापरात आला म्हणायचा. टेंभलीपासून शंभर कोटीवा आधार ४ एप्रिल २०१६ रोजी निघाला. मध्ये २,०१४ दिवस. सरासरी रोजचे जवळपास पाच लाख. या वेगाने अख्खा नंदुरबार जिल्हा साडेतीन दिवसांच्या आत उरकला असता.

उरकला नसता, हे तिथे कारकुनी केलेला कुणीही सांगेल. जिल्ह्यात आदिवासी ११,४१,९३३, शंभरात एकोणसत्तर. राज्यातल्या प्रत्येक नऊ-दहा आदिवासींमागे एक नंदुरबारचा. आणि या साडेअकरा लाख माणसांत आडनावे थोडी: पाडवी, वळवी, वसावे, गावित, पावरा, तडवी, नाईक, आणखी काही. मतदारयादीची पानेच्या पाने एकाच आडनावाने भरतात. नाव आणि बापाचे नावही जुळले की कोणता कोण हे पाड्यावर जाऊनच कळते. बारा अंकी क्रमांकाची गरज दिल्लीला वाटली त्याच्या किती तरी आधी अक्राणी तालुक्यातल्या धडगावच्या तहसील कचेरीला वाटली असेल.

पाड्यावर जाऊनच कळते, हे मी सहज लिहिले. जाणे सहज नाही. जिल्ह्यात महसुली गावे नऊशेच्या आसपास. सपाटीवर, तापीच्या खोऱ्यात, गाव म्हणजे गाव असते: पार, चावडी, दोन-चार गल्ल्या, एसटीचा थांबा. सातपुड्यात गाव म्हणजे एक नाव आणि त्याखाली डोंगरभर पसरलेले पाडे. एक पाडा या सोंडेवर, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा माथ्यावर. आणि पाड्यातसुद्धा घर ज्याच्या त्याच्या शेतात, शेजाऱ्याला हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. रेशनकार्डाला गाव एक दिसते, अंगणवाडी सेविकेला ते पाच-सात ठिकाणी सापडते. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याच्या २०१४ च्या महाराष्ट्रातल्या नियमांनी तर पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणवून घेण्याचा, स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा हक्क दिला. जिल्ह्यातल्या सहापैकी चार तालुके, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. नंदुरबार आणि शहादा अंशतः. प्रत्येक पाड्याने हा हक्क बजावला तर नऊशे गावांची किती गावे होतील, याचा हिशेब मांडायला कोणत्याही कचेरीला घाई झालेली दिसत नाही.

आता उंचीकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर. त्याच पाण्याच्या दक्षिणेला अस्तंभ्याचा डोंगर, दिवाळीत ज्याच्यावर अश्वत्थाम्याची यात्रा चढते, सुमारे १,३२५ मीटर. फरक जवळजवळ १,१८६ मीटरांचा. तीन मीटरांचा एक मजला धरला तर ही ३९५ मजली इमारत झाली. जगातली सर्वांत उंच इमारत, दुबईची बुर्ज खलिफा, ८२८ मीटर आहे. धरणाच्या भिंतीपलीकडे उभा असलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरांचा पुतळा एकावर एक साडेसहा वेळा रचावा, तेव्हा पाण्यापासून अस्तंभा गाठतो. त्या पुतळ्यात तिकीट काढून लिफ्टने चढतात. अस्तंभ्याला पायऱ्याही नाहीत.

जमिनीचे क्षेत्रफळ मोजतात ते वरून, सूर्य डोक्यावर असताना सावली पडावी तसे. ३० अंशांच्या उतारावर नकाशातला एक किलोमीटर पायाखाली १.१५ किलोमीटर होतो आणि तेवढ्यात ५७७ मीटर चढ चढावा लागतो. ४५ अंशांवर तो १.४१ होतो. उतरून पुन्हा पलीकडची सोंड चढायची असेल तर दुप्पट. नऊवारीच्या निऱ्या कमरेला वीतभर दिसतात, पण सोडल्या की कापड हातांनी मोजावे लागते. अक्राणी तालुका तसा आहे. सरकारी तक्त्यात मात्र सगळे किलोमीटर सारख्याच लांबीचे. अमुक किलोमीटरच्या आत दवाखाना, तमुक किलोमीटरच्या आत शाळा, हे निकष सपाटीवर बसून ठरलेले आहेत. दवाखाना तीन किलोमीटरवर आहे हे खरे असते. ते तीन किलोमीटर उभे आहेत हे रकान्यात बसत नाही.

मग माणसे झोळी करतात. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधायची, त्यात बाळंतीण किंवा तापाने फणफणलेला म्हातारा, पुढे दोन खांदे, मागे दोन, बदलीला आणखी चार. सडकेपर्यंत पोहोचले की मग १०८ ची गाडी. सडकेचाही भरवसा पावसाळ्यात नसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तळोदा-धडगाव वाटेवरच्या चांदसैली घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर टाकून एक माणूस दवाखान्याकडे निघाला. ती वाटेतच गेली. नर्मदेच्या बाजूने सरोवराचे पाणी पसरल्यावर तिथल्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना सुरू झाला. डॉक्टर, औषधे, खाटा असलेली बोट काठाकाठाने फिरते. डोंगराळ तालुक्यात जहाजावरचे आरोग्य केंद्र, हे ऐकून मुंबईच्या माणसाला थट्टा वाटते. तिथे तो एक साधा उपाय आहे आणि माझ्या मते चांगला.

या सगळ्यावर सरासरीचे पांघरूण घातले की काहीच दिसत नाही. २०११ ला जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी ८२.३४. पण ६४ हा आकडाही शहाद्या-नंदुरबारच्या सपाटीने वर ओढलेला आहे. अक्राणीत निम्म्याहून कमी माणसांना लिहिता-वाचता येत होते. लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २७७ निघते. शहाद्याच्या केळी-उसाच्या पट्ट्यात ती खोटी, आणि तोरणमाळच्या रानात त्याहून खोटी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून चार गेले, त्यात नंदुरबार होता. तिथपासून दर महिन्याला डझनावारी निर्देशांक वर पाठवले जातात. पुन्हा सरासरीच.

पाण्याचा हिशेब मात्र सरासरीने सुटत नाही आणि म्हणून तो मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. त्यातले १,०७७ मध्य प्रदेशात, मग ३५ किलोमीटर मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवर, ३९ किलोमीटर महाराष्ट्र-गुजरात सीमेवर, आणि शेवटचे १६१ गुजरातेत. महाराष्ट्राला लागते ती ७४ किलोमीटर, तीही एकाच काठाने, आणि ती सगळीच्या सगळी या एका जिल्ह्यात. १९७९ च्या लवादाने नदीचे पाणी २८० लाख एकरफूट धरले आणि वाटणी केली: मध्य प्रदेशाला १८२.५ लाख, गुजरातला ९० लाख, नर्मदेचे तोंडही न पाहिलेल्या राजस्थानला ५ लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख. शंभरातला एकसुद्धा भाग नाही. आपल्याकडे याच अडीच लाख एकरफुटांना १०.८९ टीएमसी म्हणतात.

थोडे वाटते? १०.८९ टीएमसी म्हणजे जवळपास ३१ हजार कोटी लिटर. २०११ च्या लोकसंख्येने भागले तर जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या नावावर, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत, वर्षाला १ लाख ८७ हजार लिटर येतात. रोजचे ५१२ लिटर. मुंबईच्या उंच इमारतीतही कुणी एवढे वापरत नसेल. फक्त ते पाणी सातपुड्याच्या उत्तर पायथ्याशी आहे आणि बहुतेक माणसे दक्षिणेला. मध्ये तो ३९५ मजल्यांचा डोंगर. पाणी उचलून वर चढवावे किंवा बोगदा काढून तापीच्या खोऱ्यात सोडावे, अशा योजना कागदावर फिरत आल्या आहेत.

उलटा हिशेब करून पाहिला तर आणखी गंमत. तेच ३१ हजार कोटी लिटर जिल्हाभर सारखे पसरले तर थर भरतो ५२ मिलिमीटरांचा. जून-जुलैतले दोन दणकून पाऊस. एका मिलिमीटरचा पाऊस सगळ्या जिल्ह्यावर पडला तरी माणशी ३,६०० लिटर पाणी आकाशातून उतरते. म्हणजे ज्या वाट्यासाठी लवाद बसला, दहा वर्षे युक्तिवाद झाले, तेवढे पाणी आषाढातल्या चार-सहा दिवसांत डोंगरउतारावरून धावत जाऊन त्याच नर्मदेला आणि तापीला मिळते. अडवायला उतार सोडत नाही. फेब्रुवारी उजाडला की त्याच उतारावर बाया हंडे घेऊन झिरा शोधतात.

वीज महाराष्ट्राच्या वाट्याला जास्त आली: सरदार सरोवराच्या १,४५० मेगावॉटच्या २७ टक्के, म्हणजे ३९२ मेगावॉटच्या आसपास. बुडिताच्या काठच्या पाड्यांवर वर्षानुवर्षे सौर दिव्यांखेरीज उजेड नव्हता. या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे गेली, २४ अक्राणीची, ९ अक्कलकुव्याची. पहिले मणिबेली. तिथले काही लोक तळोद्याकडे सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आले. काही डोंगरातच वर सरकले. जागतिक बँकेने या धरणाला १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. १९९३ मध्ये उरलेली रक्कम न घेण्याचे ठरले. पुढच्या वर्षी मोठ्या धरणांना पैसे देणे बँकेने थांबवावे असे एक आवाहन निघाले आणि त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांची नावे होती. त्याचे नाव मणिबेली जाहीरनामा. जिल्हा मुख्यालयातून जिथे पोहोचायला दिवस मोडायचा, त्या पाड्याचे नाव वॉशिंग्टनमध्ये माहीत होते.

दक्षिणेकडे सीमेची गंमत वेगळी. नवापूर रेल्वे स्थानक दोन राज्यांत आहे. सुमारे ८०० मीटरांच्या स्थानकात ३०० मीटर महाराष्ट्र, ५०० मीटर गुजरात. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. फलाटावर एक बाकडे असे आहे की जोडपे शेजारी बसले तरी एक गुजरातेत असू शकते. उद्घोषणा चार भाषांत होतात. गावित-मावची बोलणाऱ्याची पाचवी राहिलीच.

आणि माणसांचे हे सारे आकडे शिळे आहेत. मी वापरलेला जवळजवळ प्रत्येक आकडा २०११ चा, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्यात ३,३६,५८६ माणसे वाढली, रोजची ९२. वाढीचा दर २५.६६ टक्के, राज्याच्या १६ टक्क्यांच्या दीडपटीहून अधिक. तोच वेग टिकला असे धरले, टिकला असेलच असे नाही, तर २०२७ पर्यंत जिल्हा पावणेचोवीस लाखांवर जातो. मधल्या सोळा वर्षांत धान्याचा कोटा, आरोग्य केंद्रांची संख्या, शिक्षकांची पदे पुष्कळदा सोळा लाखांवरच बेतलेली.

नव्या जनगणनेचे वेळापत्रक ठरले आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भक्षण १ मार्चची मध्यरात्र. हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी ती तारीख १ ऑक्टोबर २०२६ केली आहे, कारण फेब्रुवारीत तिथे प्रगणक पोहोचणार नाही. सातपुड्यात बर्फ पडत नाही. पण फेब्रुवारीत सातपुड्यातली माणसे सातपुड्यात नसतात. दिवाळीनंतर धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याहून गाड्या भरभरून दक्षिण गुजरातेकडे, बार्डोलीच्या बाजूला, ऊसतोडीला जातात. नवरा, बायको, पोरे, कोंबड्यांसकट. मोजणीचा पूर्ण काळ जो घरी नव्हता, त्याला घरी मोजायचे नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचे, असा जनगणनेचा नियम आहे. ही माणसे परततात ती होळीला, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, काठी गावच्या राजवाडी होळीला, जिची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. २०२७ ची होळी मार्चच्या २१-२२ तारखेला येते. तोवर मोजणी संपून तीन आठवडे झालेले असतील, आणि अक्राणीची कित्येक कुटुंबे सुरत जिल्ह्याच्या लोकसंख्येत जमा.